झेंडूच्या वाफ्यातली आगगाडी

अकोल्याला मेव्हणीच्या मुलीचं लग्न लागलं तेव्हा जानराव मांडवात नव्हता. अंतरपाट दूर झाला, वाजंत्री वाजली, पंगतीची पानं मांडून झाली, तरी त्याचा पत्ता नाही. त्याच्या बायकोनं, दुर्गाबाईनं, आधी जानवशाकडं माणूस पाठवला, मग नदीवर पाठवला. शेवटी कोणीतरी सांगत आलं की तुमचे यजमान तिकडं नव्या लोखंडी सडकेच्या भरावावर बसलेले आहेत. बसलेलाच होता. लग्नाच्या अक्षता अजून मुठीत होत्या आणि समोर एक इंजिन उभं होतं. इंजिन काही करत नव्हतं, उभ्या उभ्या वाफ सोडत होतं, एवढंच. पण जानराव त्याच्याकडं ज्या नजरेनं पाहत होता त्या नजरेनं त्यानं स्वतःच्या लग्नात आपल्याकडंही पाहिलं नव्हतं, असं दुर्गाबाई पुढं सगळ्यांना सांगायची. यावर जानरावचं म्हणणं असं, की लग्नात ती शालूच्या गाठोड्यात होती, पाहायला काही दिसतच नव्हतं. ते काहीही असो. मुठीतल्या अक्षता त्यानं शेवटी इंजिनावर टाकल्या.

सातासमुद्रापलीकडं कोणाची तरी आपसात लढाई जुंपली, तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचे दिवस आले. मग लढाई मिटली आणि ते दिवस गेलेही, त्यानंतरची ही गोष्ट. तेजीच्या काळात ज्यानं त्यानं आपापली हौस फेडून घेतली. कोणी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या, कोणी बायकोच्या गळ्यात पुतळ्यांची माळ घातली, तेल्हाऱ्याकडच्या एका पाटलानं तर म्हणे म्हशीच्या पारडीच्या बारशाला गावजेवण घातलं. जानराव माळी. अमरावतीच्या परकोटाबाहेर, म्हणजे गावाच्या तटाबाहेर, त्याचा मळा होता; वांगी, मेथी, मिरची आणि सणासुदीला झेंडू. तेजीत त्यानंही झेंडू उपटून कापूस लावला आणि चार पैसे गाठीला बांधले. पण हौस म्हणून काही केलं नाही. दारू नाही, पत्ते नाहीत, तमाशा नाही. आपल्याला हौसच नाही असा त्याचा स्वतःचाही समज होता. चाळिशी उलटेपर्यंत हौस शिल्लक ठेवणाऱ्या माणसापासून घरच्यांनी फार सांभाळून राहावं.

अकोल्याहून बैलगाडीनं परतताना तो सारखा मागं वळून पाहत होता. मूर्तिजापूर मागं पडलं तेव्हा एकदम म्हणाला, "अवं, आयकतं काय? आपन आगगाडी करू."

"कवा जाचं?" दुर्गाबाई म्हणाली. तिला वाटलं, तिकीट काढून कुठं जायचं म्हणतोय.

"जाचं नाई. कराची. मळ्यात."

"कोन्या पोराले खेळाले?"

"आपल्याले बसाले."

दुर्गाबाईनं त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. कपाळ थंड होतं, आणि तीच काळजीची गोष्ट होती.

काम सुरू झालं. मळ्यात विहिरीजवळची जागा उंच, तिथून जमीन हळूहळू उतरत बांधापर्यंत जायची. विहिरीजवळ ठेसन करायचं, तिथून झेंडूच्या वाफ्याच्या कडेनं गाडी आपल्या आपण उतरत बांधाशी जायची आणि येताना मागून ढकलत आणायची, असा जानरावचा बेत. पाटावर माणूस मांडी घालून बसेल इतकीच रुंदी. पुंजाराम सुतारानं बाभळीच्या लांब फळ्या तासून रूळ केले. त्यांच्यावर ठोकायला लोखंड हवं, म्हणून जानरावनं आपल्या दोन्ही बैलगाड्यांच्या चाकांवरच्या लोखंडी धावा उतरवल्या. त्या पुरल्या नाहीत, तेव्हा बाजारातून जुन्या आणल्या. त्याचा परिणाम असा झाला की घरातल्या दोन्ही गाड्या लंगड्या झाल्या आणि वांग्यांच्या टोपल्या डोक्यावरून बाजारात न्यायची पाळी आली.

"आगगाडी आली अन् बैलगाडी गेली," दुर्गाबाई टोपलीखालून म्हणाली. "लोकायचं उलटं असते."

डब्यासाठी घरातली बंगई उतरवली. ओसरीतला हा सागवानी झोपाळा दुर्गाबाईचा जीव की प्राण. दुपारचं तिचं सगळं राज्य त्या फळीवरून चालायचं. ती काही बोलली नाही, हे जानरावला फार लागलं. बोलली असती तर उत्तर तयार होतं. तिनं एवढंच सांगितलं, "बंगई माही हाय. पयले मी बसीन."

पहिल्या दिवशी ती बसली. कपाळाला ठसठशीत कुंकू, हातात नारळ. जानरावनं मागून ढकललं. गाडी हात-दोन हात रुळावरून गेली, मग तिला काय वाटलं कोण जाणे, सरळ रूळ सोडून वांग्यांत शिरली. दुर्गाबाई वांग्यांत, नारळ पाटाच्या पाण्यात. पुंजारामनं आयुष्यभर बैलगाडीचीच चाकं केली होती. ही चाकंही त्यानं तशीच गुळगुळीत केली होती. "चाकाले रूळ धराले आतून काठ पाह्यजे, काठ!" जानराव ओरडला. पुंजाराम म्हणाला, "चाकाले काठ? परातीले असते काठ." पण केले बिचाऱ्यानं.

तेवढ्यात बांधापलीकडून आवाज आला. "पाह्यलं काय रे ढवळ्या? पडली. मी म्हनलो होतो ना तुले, पडीन म्हनून."

ढवळ्या हा बैल. बोलणारा नत्थुजी, जानरावचा थोरला भाऊ. पलीकडचा अर्धा मळा त्याचा, कांद्याचा. वाटणी झाल्यापासून दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. वाटणीच्या दिवशी नत्थुजी पंचांसमोर म्हणाला होता, "जान्याच्या हातून काई धड होत नाई. विहिरीकडचा तुकडा त्याले द्या, म्हंजे उपाशी त नाई मरनार." यातलं पहिलं वाक्य ऐकूनच जानराव पंचांतून उठून गेला; दुसरं त्याच्या कानात कधी शिरलंच नाही. तेव्हापासून नत्थुजीला त्याला काही सांगायचं झालं तर तो आपल्या बैलाला सांगायचा, मोठ्यानं. जानरावकडं त्या वेळी बैल जवळ असेलच असं नाही, म्हणून तो वांग्यांना उत्तर द्यायचा. दोघांच्या बायका मात्र रोज बांधावर उभ्या राहून बोलायच्या. दुर्गाबाईची मेथी तिकडं जायची, मैनाबाईची ठेच्याची वाटी इकडं यायची. नवरे अबोला नेटानं सांभाळत होते तोवर बायकांनी घर एकच ठेवलं होतं.

"वांग्याहो," जानराव धुळीतून उठत म्हणाला, "लोकायले दुसऱ्याची गाडी पाह्याले येळ हाय, कांद्याले पानी द्याले नाई."

काठवाली चाकं आली आणि गाडी रुळावर राहू लागली. मग शेजारचे महादेवराव आले. महादेवराव आधी एलिचपूरला कचेरीत लेखनिक होते, आणि जगात त्यांना ठाऊक नाही अशी एकच गोष्ट होती: गप्प कसं बसावं. त्यांनी गाडीला तीन प्रदक्षिणा घातल्या, काठीनं बंगई ठोकून पाहिली.

"जानराव, एक विचारू? रागावू नका."

"इचारा ना."

"याला आगगाडी का म्हणायचं? आग कुठं आहे?"

जानरावचा चेहरा उतरला. ज्या गोष्टीनं तो रात्ररात्र जागा होता, तीच या माणसानं दिवसाढवळ्या बोलून दाखवली. दुसऱ्याच दिवशी बंगईच्या पुढं एक पिंप बसवलं, त्यावर भोकाभोकाचं मातीचं धुराडं, आणि आत शेगडीत ओल्या गोवऱ्या. ओल्याच का, तर धूर हवा होता. धूर आला. इतका आला की विहीर दिसेना. परकोटावरून कोणीतरी पाहिलं आणि माळ्याच्या गंजीला आग लागली म्हणून हाकाटी केली. बघता बघता घागरी, हंडे, चरव्या घेऊन अर्धी पेठ मळ्यात धावली. जानराव गाडीवर ताठ बसला होता, एका हातात लाल फडकं. कोणी काही विचारलं नाही. एकामागून एक घागरी त्याच्या डोक्यावर रिकाम्या झाल्या. महादेवराव बाजूला उभे राहून "इकडून टाका, इकडून!" असं मार्गदर्शन करत होते.

बांधापलीकडून आवाज आला, "ढवळ्या, पाह्य. आंघोळ करून राहिला."

माणसाच्या वाट्याला नाचक्की येते तेव्हा ती एकटी येत नाही, बरोबर गर्दी आणते. आग विझवायला आलेली मंडळी विझवून झाल्यावर गेली नाहीत. हे काय आहे, ते काय आहे, म्हणून गाडीला हात लावत बसली. जानराव डोक्यावरचं पाणी निथळत सगळ्यांना नीट समजावून सांगत होता, आणि तितक्यात एका म्हातारीनं विचारलं, "बाबू, मले बसू देशीन काय एक बार?"

तिला बसवलं. म्हातारीनं डोळे मिटले, दोन्ही हातांनी फळी घट्ट धरली, आणि बांधापर्यंत गेली. उतरल्यावर तिनं गाडीच्या पाया पडून विचारलं, "कोनतं गाव हाय हे?"

त्या दिवसापासून मळ्यात जत्रा. बाया यायच्या, म्हातारे यायचे, कचेरीतले शिपाई दुपारच्या सुट्टीत यायचे. बसताना सगळे विहिरीपाशी चपला-जोडे काढून ठेवायचे, कारण देवाच्या आणि इंजिनाच्या दारात पायतण घालून जात नाहीत, आणि बांधाशी उतरल्यावर भांडायचे की आमचे जोडे कुठं गेले. जानराव सांगायचा, "जोडे तिकडंच ठेवले ना तुमी." ते म्हणायचे, "आमी इकडं आलो त जोडे कावून नाई आले? गाडी हाय ना?" झेंडूचा वाफा मात्र पार तुडवला गेला. दसऱ्याला मंदिरांत हार जायचे ते त्या वर्षी दुसऱ्या माळ्याकडून गेले. दुर्गाबाईनं फुलं नसलेली परडी ओसरीत, जिथं बंगई नव्हती, बरोबर त्या जागी नेऊन ठेवली. जानराव तिकडं पाहिल्याशिवाय पायरीच चढू शकायचा नाही.

मग एक दिवस शिपाई आला. जत्रेला नाही, कामावर.

"कचेरीत बोलावलं. तुमी आगगाडी चालू केली म्हन्ते."

जानरावनं धुतलेलं धोतर नेसलं, लाल पागोटं बांधलं, आणि गेला. मुनशी वयस्कर, बारीक, चष्म्यावरून पाहणारा माणूस होता. निम्मं हिंदुस्थानी आणि निम्मं मराठी बोलायचा.

"जानराव माली आप? बैठो. यह रेल किसकी है?"

"माही हाय, साहेब."

"रेल तो सरकारच्या परवानगीनं चालते. तुम्ही कशी चालवता?"

"ढकलून, साहेब."

मुनशीनं टाक शाईत बुडवला आणि अधांतरी धरला. "लिहायचं काय? गाडी लिहावी तर बैल नाही. झूला लिहावा तर चाकं आहेत. रस्ता लिहावा तर तो सरकारचा होतो. और बाग की जमीन है, उसमें फसल नहीं. पडीक लिहूं?"

पडीक हा शब्द ऐकून जानराव बसल्या जागेवरून उठला. बागाईत जमिनीला पडीक म्हणणं म्हणजे माळ्याच्या अब्रूवर नांगर. "पडीक नोको, साहेब. कायी बी लेहा, पडीक नोको."

मुनशी कठोर नव्हता. त्याला फक्त वहीत बसेल असा खाना सापडत नव्हता. "मैं आके देखता हूं," तो म्हणाला. "लेकिन एक बात. गाडी तुमच्याच हद्दीत राहिली पाहिजे. शेजाऱ्याची एक जरी तक्रार आली तर उखाडना पडेगा. शेजारी कोण?"

"माहा भाऊ," जानराव म्हणाला, आणि सांगताना त्याला आपली गाडी उपटलेली दिसू लागली.

मुनशी येणार म्हणून तयारी झाली. पुंजारामनं आसांत एरंडेल ओतलं. नेहमी दोन थेंब घालायचा, त्या दिवशी सरकारी माणूस म्हणून वाटीभर. बांधाशी गाडी थांबावी म्हणून रुळांच्या शेवटी कडब्याच्या पेंढ्यांचा ढीग रचलेला असायचा, गाडी त्याच्यात जाऊन अलगद रुतायची. तो आदल्या दिवशी नवा, उंच रचला. दुर्गाबाईनं बंगईवर सतरंजी घातली, विड्याचं तबक ठेवलं. ती मैनाबाईला बांधावर म्हणाली, "आज काई झालं त हे मानूस जेवनार नाई पाहा बाई."

मैनाबाई म्हणाली, "आमचे बी सकाळपासून जेवले नाई. कांदे निंदून राहिले म्हन्ते. सगळे निंदून झालेले कांदे पुन्हा निंदून राहिले."

मुनशी आला. बरोबर महादेवराव आलेच. मुनशीनं रूळ पाहिले, चाकं पाहिली, धुराड्यात डोकावून पाहिलं, आणि गंभीरपणे जोडे काढून बंगईवर बसला. त्याच्या मागं महादेवराव. जानरावनं लाल फडकं फडकवलं आणि ढकललं.

ढकललं म्हणजे काय, हात लावला. एरंडेलानं चाकांना पंख फुटले होते. गाडी सुटली ती अशी की जानराव एका हातानं बंगईची कडी धरून मागून ओढला गेला. मुनशीचं पागोटं उडालं, महादेवराव आयुष्यात पहिल्यांदा गप्प झाले. "कडबा हाय! भिऊ नोका, कडबा हाय!" जानराव फरफटत ओरडत होता.

कडबा नव्हता. बांधापलीकडून मान लांब करून ढवळ्यानं तो पहाटेपर्यंत सगळा फस्त केला होता. चार काड्या उरल्या होत्या. गाडी त्या चार काड्यांवरून गेली, बांधावर आदळली, मातीचा बांध फुटला, आणि इंजिन, बंगई, सतरंजी, विड्याचं तबक, मुनशी आणि महादेवराव नत्थुजीच्या कांद्यात जाऊन पडले. त्या वाफ्याला नुकतंच पाणी दिलं होतं.

धुराड्यातून शेवटचा धूर निघाला. मुनशी चिखलातून बसता झाला, चष्मा पुसला, चष्मा आणखी चिखलाचा झाला. त्यानं सभोवार पाहिलं आणि विचारलं, "ही हद्द कोणाची?"

नत्थुजी हातात खुरपं घेऊन उभा होता. त्याच्या कांद्यांचे दोन वाफे चेंदामेंदा झाले होते. जानरावनं खाली मान घातली. आता तो बैलाला सांगेल, मुनशी ऐकेल, आणि सगळं संपेल. त्याला आश्चर्य याचं वाटलं की त्याला गाडीचं वाईट वाटत नव्हतं. आपल्या हातच्या कामाची ही गत भावाच्या डोळ्यांदेखत झाली, याचं वाटत होतं.

"तुमची तक्रार आहे?" मुनशीनं नत्थुजीला विचारलं.

नत्थुजीनं खुरपं कमरेला खोचलं. सावकाश. "कायची तक्रार?"

"गाडी तुमच्या हद्दीत आली."

"गाडीत खोट नाई, साहेब," नत्थुजी म्हणाला. "मी रोज पाह्यतो. गाडी कडब्यापाशी बरोबर थांबते. कडबा माह्या बैलानं खाल्ला. आता बैलाची तक्रार मी कोनापाशी करू?"

आणि मग त्यानं मान वळवली. किती वर्षांनी, ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

"उभा काय राहिला बे जान्या? साहेबाले हात दे." जरा थांबून, खालच्या आवाजात, "तुह्या गुडघ्यातून रगत निंगून राहिलं."

जानरावनं गुडघ्याकडं पाहिलं. खरंच होतं. त्याला तोवर दुखलं नव्हतं. आता एकदम इतकं दुखू लागलं की डोळ्यांत पाणी आलं, आणि सगळ्यांनी गुडघाच समजून सोडून दिलं. मैनाबाई हळद आणायला धावली.

मुनशीला विहिरीवर नेऊन धुतलं, दुर्गाबाईनं चहाऐवजी, कारण चहा तेव्हा कोणाच्या घरी असायचा नाही, गरम दूध दिलं. तो बराच वेळ रुळांकडं पाहत बसला. मग म्हणाला, "तपासणी अधुरी राहिली. नीट बघायला पाहिजे. एक बार और."

गाडी कांद्यातून काढली, रुळावर ठेवली. या खेपेला दोन्ही भावांनी दोन बाजूंनी धरून हळूहळू सोडली. मुनशी बांधापर्यंत गेला, आला, आणि पुन्हा एकदा गेला, कारण त्याच्या म्हणण्याप्रमाणे येताना आणि जाताना चाकांचा आवाज वेगळा येत होता आणि हे सरकारला कळणं आवश्यक होतं. महादेवराव बसले नाहीत. मग मुनशीनं लिहिलं: बागेचं अवजार, भाजी वाहून नेण्याचं, दोघा भावांत सामाईक.

"सामाईक?" जानराव म्हणाला. एवढी खटपट करून आपली आगगाडी नांगर-खुरप्याच्या पंगतीत जाऊन बसली, याचा एक घाव. त्यातून निम्मी भावाची झाली, हा दुसरा.

"बांध फुटलेला आहे, गाडी दोन्हीकडं जाते. दुसरं काय लिहूं?" मुनशी म्हणाला, आणि जोडे घालून गेला.

नत्थुजीनं सरकारी लिखाण फार मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी उजाडताच तो फुटलेल्या बांधातून सरळ इकडं आला. "अर्धी माही हाय," तो म्हणाला. "माह्या इकडं ठेसन पाह्यजे."

"दादा, तुह्या इकडं रूळच नाई."

"त टाक ना. कांद्यातून वळव, जांभळाच्या झाडापासून फिरव, अन् विहिरीवर आन. म्हंजे ढकलत मागं न्याची कटकट नाई. गोल फिरीन."

जानरावच्या मनात हे वळण पहिल्या दिवसापासून होतं. बांधामुळं त्यानं ते कोणालाच सांगितलं नव्हतं. त्यानं धोतराचा काचा मारला. नत्थुजीनंच फावडं उचललं आणि उरलेला बांध खणायला घेतला. दुपारी दोन्ही जावांनी भाकऱ्या एकाच फडक्यात बांधून आणल्या आणि दोघींनी एकमेकींकडं बघणं टाळलं, कारण बघितलं असतं तर रडू आलं असतं, आणि पुरुषांना मग फार जोर चढतो.

गाडी गोल फिरू लागली. तिच्यावर वांगी आली, कांदे आले, मेथीच्या जुड्या आल्या. नत्थुजी कधी तिच्यात बसला नाही. "मी काई पोट्टा नाई," म्हणायचा. पण एका दुपारी सगळे झोपलेले असताना दुर्गाबाईनं पाहिलं, कांद्याच्या दोन टोपल्यांच्या मधे नत्थुजी मांडी घालून बसला होता, आणि जानराव धापा टाकत त्याला ढकलत होता. विहिरीपाशी गाडी थांबली.

"उतर, दादा. ठेसन आलं."

"एक चक्कर अजून हान ना. कांद्याचा हिसाब जुळून राहिला नाई," नत्थुजी म्हणाला.

पुढं कंपनीची खरी आगगाडी बडनेऱ्याला आली. अमरावतीची माणसं गाड्या भरभरून पाहायला गेली. जानरावच्या मळ्यात त्या दिवशी कोणीच आलं नाही, तेव्हा त्यांनीही नत्थुजीची बैलगाडी जुंपली. दोन भाऊ पुढं, दोन जावा मागं. बडनेऱ्याला तुडुंब गर्दी. फलाटाच्या कडेला हातात झेंडी घेतलेला एक तरुण उभा होता. पुण्याकडचा असावा, त्याची मराठी तशी होती. नत्थुजी माणसांना बाजूला सारत अगदी पुढं गेला आणि इंजिनाची चाकं वाकून पाहू लागला.

"बाबा, मागं सरका," झेंडीवाला म्हणाला. "आगगाडी कधी पाहिली नाही वाटतं?"

नत्थुजी सरळ झाला. "आमच्या घरी हाय."

"काय आहे?"

"आगगाडी. माह्या लहान भावानं केली. जानराव म्हनते त्याले. हा काय, उभा हाय."

आजूबाजूची माणसं वळून पाहू लागली. जानरावला कुठं लपावं कळेना. झेंडीवाल्याला हसू आवरेना. "असं? मग किती डबे आहेत तुमच्या गाडीला?"

नत्थुजी आयुष्यात खोटं बोलला नव्हता. गिऱ्हाइकाला कांदा ताजा आहे म्हणून सांगणं सोडल्यास. तो एक क्षण थांबला.

"दोन," तो म्हणाला. "ये कवा बी पाह्याले. अमरावतीत कोनाले बी इचार."

परतताना दोघे भाऊ पुन्हा पुढंच बसले. जानराव कासऱ्याशी उगाच चाळा करत होता. बडनेऱ्याचे दिवे मागं पडल्यावर नत्थुजीनं खाकरून घसा साफ केला.

"दुसरा डबा कवा करतं?"

"कोनता दुसरा?"

"सांगून बसलो ना मी त्या मानसाले. उद्या आला पाह्याले त तोंड कोठी लपवू?"

"करू," जानराव म्हणाला. "सागवान लागीन."

"सागवान कायले? बाभूळ घे. घरची हाय."

"बाभूळ जड होते दादा. दोन डबे ढकलाचे कोनं?"

"सागवानाले परतवाड्याले जा लागते. बाभूळ."

"बसाले सागवानच पाह्यजे. बाभळीची फळी टोचते."

"तुले टोचत असीन. मले कायी टोचत नाई."

"तू कुठी बसतं?" जानराव म्हणाला, आणि नत्थुजीनं उत्तर न देता एकदम पुढं वाकून बैलांच्या पाठीवर थाप मारली.

मागं मैनाबाईनं कानावरून पदर ओढून घेतला. "बोलत नोयते तवा किती निवांत होतं वं," ती म्हणाली. दुर्गाबाई उत्तर द्यायच्या स्थितीत नव्हती. पदराचा बोळा तोंडात धरून ती हसत होती आणि गाडीच्या हिसक्यांनी मैनाबाईच्या खांद्यावर आपटत होती. अमरावतीची वेस दिसू लागली तोवर लाकूड काही ठरलं नव्हतं, पण डब्याला खिडकी एक की दोन यावरून नवं भांडण जुंपलं होतं, कासरा दोघांपैकी कोणाच्याच हातात नव्हता, आणि बैल आपले आपण घराच्या वाटेला लागले होते.